वाचकांचे प्रश्न : गांजाच्या गमीज, परदेशातील कायदा आणि आपले घर

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा येत आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत वा कॅनडात स्थायिक झालेली असते, आई-वडील काही महिन्यांसाठी तिकडे जातात आणि तेथे घरात किंवा ओळखीच्यांकडे गांजाचा अर्क घातलेल्या मऊ गोळ्या (गमीज), चॉकलेटे, बिस्किटे उघड्यावर ठेवलेली पाहतात. तेथे ते कायदेशीर आहे, हे ऐकून काहींना धक्का बसला आहे, तर काहींना त्यामुळे ते निर्धोक वाटू लागले आहे. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. विषय घरगुती असल्याने पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी व जावई कॅनडात ओंटारिओ प्रांतात राहतात. साडेतीन वर्षांचा नातू आहे. स्वयंपाकघराच्या फडताळात, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी मला एक पाकीट दिसले. विचारल्यावर जावई म्हणाले की, त्या गांजाच्या गमीज आहेत, सरकारमान्य दुकानातून आणल्या आहेत आणि त्यात प्रमाण अगदी थोडे असते. मी फार बोलले तर जुन्या वळणाची ठरेन. खरोखर काळजी करण्यासारखे काही आहे का?
— एक आजी, नाशिक

उत्तर : काळजी करण्यासारखे आहे आणि तुम्ही बोलायलाही हवे. जावयांचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला, पण खाण्याच्या पदार्थांना त्या दिवशी परवानगी दिली नाही. त्यांचे नियम बरोबर एक वर्षाने लागू झाले आणि प्रत्यक्ष माल दुकानांत यायला डिसेंबर २०१९ उजाडला. तुम्ही पाहिलेले पाकीट पुन्हा एकदा हातात घेऊन पाहा. सरकारमान्य दुकानातले असेल तर ते साधे, चित्रांविना असेल. पिवळ्या चौकटीत आरोग्यविषयक इशारा असेल. गांजाचे पान आणि टीएचसी ही अक्षरे असलेली लाल अष्टकोनी खूण असेल. टीएचसी म्हणजे नशा आणणारे रसायन किती मिलिग्रॅम आहे ते छापलेले असेल आणि ते उघडताना तुम्हालाही थोडी खटपट करावी लागेल, कारण लहान मुलाला सहज उघडता येणार नाही अशीच त्याची रचना सक्तीची आहे. संपूर्ण पाकिटात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी असता कामा नये, असा तेथील नियम आहे. यातले काहीच नसेल आणि त्याऐवजी एखाद्या प्रसिद्ध गोळीसारखे रंगीत वेष्टन असेल, तर ते सरकारमान्य दुकानातले नाही, हे निश्चित समजावे.

आता ‘अगदी थोडे’ या शब्दांकडे येऊ. ज्याने पूर्वी कधी गांजा घेतलेला नाही अशा प्रौढ माणसाने २.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरुवात करावी, असे कॅनडाचे आरोग्य खाते सांगते. म्हणजे एका पाकिटात नवख्या प्रौढाच्या चार मात्रा असतात. साडेतीन वर्षांच्या मुलाचे वजन साधारण १४-१५ किलो असते, आणि गोड लागणारी गोळी एकच खाऊन थांबावे, हे त्याला कळण्याचे वय नसते. अमेरिकेतील विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालील मुलांनी असे पदार्थ खाल्ल्याच्या २०१७ मध्ये २०७ नोंदी झाल्या होत्या. २०२१ मध्ये त्या ३,०५४ झाल्या. त्यांपैकी बहुतेक सगळ्या घटना घरातच घडलेल्या आहेत. या नोंदींत मृत्यू झाल्याचे आढळले नाही, ही दिलासा देणारी गोष्ट असली, तरी पाचांतल्या एकाहून अधिक मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

तुमच्या मुलीच्या प्रांताशी थेट संबंध असलेला आणखी एक अभ्यास आहे. ओंटारिओ, अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया या प्रांतांनी गांजाच्या गोड पदार्थांना परवानगी दिली. क्वेबेकने मात्र मुलांना मोह पडेल अशी मिठाई, चॉकलेटे व गोळ्या यांना परवानगी नाकारली. त्यानंतरच्या काळात दहा वर्षांखालील मुलांना गांजाच्या विषबाधेमुळे रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाण, कायद्याआधीच्या तुलनेत, पहिल्या तीन प्रांतांत साडेसातपट झाले, तर क्वेबेकमध्ये तिप्पट. देश एक, मुख्य कायदा एक, वेष्टनाचे नियम तेच. फरक प्रामुख्याने दुकानात गोड पदार्थ होते की नव्हते, एवढाच.

जावयांशी बोलताना गांजा घ्यावा की घेऊ नये, या वादात शिरू नका. घरात हा पदार्थ राहणार असेल तर तो कुलपाच्या डब्यात, मूळ पाकिटातच, खाद्यपदार्थांपासून दूर आणि मुलाच्या नजरेआड राहील, एवढेच ठामपणे मागा. उशाजवळचा खण, पर्स, गाडीतला कप्पा आणि पाहुण्यांच्या पिशव्या या जागा विशेष धोक्याच्या असतात. घरी केलेले पदार्थ, म्हणजे गांजाच्या लोण्यात भाजलेली ब्राउनी वगैरे, तर मूल असलेल्या घरात असूच नयेत. त्यांवर ना खूण असते, ना प्रमाण.

आणि मुलाने खाल्लेच, किंवा खाल्ल्याचा नुसता संशय आला, तर लक्षणांची वाट पाहू नका. कॅनडात १-८४४-७६४-७६६९, अमेरिकेत १-८००-२२२-१२२२ आणि भारतात एम्सच्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा १८००-११६-११७ हा क्रमांक आहे. मूल गुंगीत असेल, हलवूनही जागे होत नसेल, तोल जात असेल किंवा श्वास मंदावला असेल, तर थेट रुग्णवाहिका बोलवा. बळजबरीने उलटी काढू नका. या विषावर उतारा नाही. रुग्णालयात श्वास, हृदयाचे ठोके आणि शुद्ध यांवर लक्ष ठेवतात, गरज पडल्यास श्वासाला आधार देतात आणि बहुतेक मुले एक-दोन दिवसांत पूर्ण बरी होतात. मात्र डॉक्टरांना पहिल्याच मिनिटाला खरे सांगा. भीतीपोटी किंवा लाजेपोटी आई-वडील गप्प राहतात, तेव्हा गुंगीत असलेल्या मुलाला मेंदूज्वर तर झाला नाही ना, हे पाहण्यासाठी डोक्याचा स्कॅन केला जातो, कधी पाठीच्या मणक्यातून पाणीही काढले जाते. खरे सांगितले असते, तर त्या कोवळ्या जिवाला यांतून जावे लागले नसते.

प्रश्न : माझा भाचा डेन्व्हरला नोकरी करतो. त्याचे म्हणणे असे की, धूर नसल्याने गांजा खाणे हे ओढण्यापेक्षा सौम्य असते. हे खरे आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : फुप्फुसांपुरते ते खरे आहे, उरलेल्या शरीराच्या बाबतीत नाही. ओढलेल्या गांजाचा अंमल काही मिनिटांत जाणवतो, त्यामुळे पुरे झाले हे माणसाला तेव्हाच कळते. खाल्लेला गांजा पोटातून आतड्यात आणि तेथून यकृतात जातो. यकृतात टीएचसीचे रूपांतर ११-हायड्रॉक्सी-टीएचसी या रसायनात होते, ते मेंदूत अधिक सहजपणे शिरते आणि त्याचा परिणाम अधिक तीव्र असतो. या सगळ्याला अर्धा ते दोन तास लागतात, पूर्ण जोर यायला कधी चार तासही लागतात, आणि परिणाम बारा तासांपर्यंत टिकू शकतो. पोट रिकामे होते की तूपकट जेवणाने भरलेले होते, यावरही फरक पडतो. म्हणून तीच गोळी त्याच माणसाला दोन दिवशी दोन तऱ्हांनी लागू शकते. होळीला किंवा महाशिवरात्रीला भांग घातलेली थंडाई प्यायलेल्या माणसाला ‘मला काहीच झाले नाही’ असे म्हणत दुसरा पेला उचलताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा धोका वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

डेन्व्हरमध्येच मार्च २०१४ मध्ये घडलेली एक घटना अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने पुढे आपल्या अहवालात सविस्तर नोंदवली. तेथे गांजाची किरकोळ विक्री त्याच वर्षीच्या १ जानेवारीला सुरू झाली होती. एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने मित्राने विकत आणून दिलेले बिस्किट खाल्ले. त्या एका बिस्किटात ६५ मिलिग्रॅम टीएचसी होते आणि ते सहा जणांचे किंवा सहा वेळांचे मानले जात होते. दुकानातील माणसाने एक षष्ठांश तुकडाच खायला सांगितले होते आणि त्याने सुरुवात तशीच केली. अर्धा-एक तास झाला तरी काहीच जाणवले नाही, म्हणून त्याने उरलेले बिस्किट खाऊन टाकले. पुढच्या दोन तासांत तो असंबद्ध बोलू लागला, आक्रमक झाला, आणि पहिला तुकडा खाल्ल्यापासून सुमारे साडेतीन तासांनी चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून उडी मारून मरण पावला. या मुलाने कोणताही बेदरकारपणा केलेला नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. बिस्किट खाताना सहा भाग करायचे असतात, ही कल्पनाच माणसाच्या सवयीविरुद्ध आहे. आणि सूचना तोंडी देऊन विकणाऱ्याची जबाबदारी संपते, असे मानणारी व्यवस्था अपुरी होती.

डेन्व्हर ज्या राज्यात आहे, त्या कोलोरॅडोने ते मान्य केले. फेब्रुवारी २०१५ पासून १० मिलिग्रॅमचा प्रत्येक भाग वेगळा किंवा सहज तोडता येईल असा असणे बंधनकारक झाले. ऑक्टोबर २०१६ पासून टीएचसीची खूण केवळ वेष्टनावर नव्हे, तर जमेल तेथे प्रत्यक्ष पदार्थावर उमटवावी लागते. आणि ऑक्टोबर २०१७ पासून माणूस, प्राणी किंवा फळ यांच्या आकारातील गोळ्यांना बंदी झाली. तरीही एका पाकिटात १०० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे कॅनडाच्या दहापट, टीएचसी तेथे चालते. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क येथेही पाकिटाची मर्यादा हीच आहे. मॅसॅच्युसेट्सने एका मात्रेची मर्यादा ५ मिलिग्रॅम ठेवली. म्हणून भाच्याला सांगा की, कॅनडातल्या मित्राच्या ‘एका पाकिटा’शी आपल्या पाकिटाची तुलना करू नये.

सौम्यपणाबद्दल एकच आकडा देतो. डेन्व्हरजवळच्या एका मोठ्या विद्यापीठ रुग्णालयाने २०१४ ते २०१६ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा राज्यात विकल्या गेलेल्या एकूण टीएचसीपैकी खाद्यपदार्थांचा वाटा ०.३२ टक्के होता. पण गांजामुळे तातडीच्या विभागात आलेल्यांपैकी १०.७ टक्के रुग्ण खाद्यपदार्थ घेतलेले होते. घाबरगुंडी, भ्रम यांसारखी मानसिक लक्षणे आणि हृदयाच्या तक्रारी या गटात अधिक दिसल्या.

प्रश्न : माझे वय ७१ आहे. सध्या न्यू जर्सीत मुलाकडे आलो आहे. झोप लागत नाही, गुडघे दुखतात. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला असून रक्त पातळ राहण्याची गोळी चालू आहे. येथील आमच्या भजनी मंडळातील एक गृहस्थ रात्री अर्धी गमी घेतात आणि मलाही आग्रह करतात. घेऊन पाहावी का?
— एक ज्येष्ठ नागरिक, पुणे

उत्तर : तुमच्या हृदयविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये, आणि ते ‘हो’ म्हणतील असे मला वाटत नाही. टीएचसीमुळे हृदयाचे ठोके वाढतात आणि उठून उभे राहताना रक्तदाब एकदम उतरू शकतो. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या आहेत, त्याला हा भार सोसेलच असे नाही. कॅनडातील हृदयरोगविषयक नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली एक नोंद तुमच्याशी बरीच मिळतीजुळती आहे. हृदयविकार असलेल्या सत्तर वर्षांच्या एका गृहस्थांनी दुखणे कमी व्हावे आणि झोप लागावी म्हणून ९० मिलिग्रॅम टीएचसी असलेल्या लॉलीपॉपचा बहुतेक भाग खाल्ला. त्यानंतर त्यांना भयंकर भास होऊ लागले, छातीत दुखू लागले आणि हृदयविकाराचा झटका आला.

दुसरा मुद्दा औषधांचा. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांपैकी वॉरफॅरिन यकृतातील ज्या विकरांमुळे शरीराबाहेर जाते, त्यांच्या कामात गांजातील घटक अडथळा आणतात. त्यामुळे औषधाची रक्तातील पातळी वाढून रक्तस्राव होऊ शकतो. ‘नशा नसलेली’ म्हणून विकली जाणारी सीबीडीची, म्हणजे गांजातील दुसऱ्या एका रसायनाची, गोळीही या बाबतीत निर्दोष नाही. किंबहुना विकरांना अडवण्यात ती पुढेच आहे. तुमची गोळी वॉरफॅरिन आहे की दुसरी, हे पत्रात नाही. ते डॉक्टरांना विचारा आणि गमीचा आग्रह झाल्याचेही त्यांना सांगा.

शिवाय रात्री दोन-तीनदा बाथरूमला उठणाऱ्या माणसाला अनोळखी घरात, गालिचाच्या कडेला अडखळून पडायला थोडीशी गुंगीही पुरते. खुब्याचे हाड मोडण्याचा धोका पत्करून झोप मिळवण्यात अर्थ नाही. गांजाचे खाद्यपदार्थ दुकानांत आल्यानंतर ओंटारिओत पासष्टीपुढील लोकांचे विषबाधेमुळे तातडीच्या विभागात येणे लक्षणीय वाढले, हे तेथील संशोधकांनी २०२४ मध्ये मांडले आहे. यांपैकी काहींनी ते नकळत, घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी खाऊ समजून खाल्लेले असते. मुलाच्या फ्रिजमध्ये काय आहे, हे विचारून घेण्यात संकोच करू नका.

प्रश्न : अमेरिकेत ‘डेल्टा-८’च्या गोळ्या पेट्रोल पंपावरच्या दुकानातही मिळतात. त्या गांजाच्या नसतात म्हणे. मग त्या सुरक्षित समजाव्यात का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही, परवाना असलेल्या दुकानातल्या मालापेक्षाही त्या अधिक बेभरवशाच्या आहेत. २०१८ च्या कृषी कायद्याने अमेरिकेत ०.३ टक्क्यांपर्यंत डेल्टा-९ टीएचसी (म्हणजे गांजातले नेहमीचे टीएचसी) असलेले हेम्प, म्हणजे नशा न आणणाऱ्या जातीचे भांगेचे झाड, शेतमाल म्हणून मुक्त केले. व्यापाऱ्यांनी त्यातील सीबीडीपासून रासायनिक प्रक्रियेने डेल्टा-८ हे नशा आणणारे रसायन तयार करायला सुरुवात केली आणि कायद्याच्या शब्दांत डेल्टा-९ एवढेच लिहिलेले असल्याने ते राजरोस विकले. या मालावर राज्याच्या गांजा परवान्याची तपासणी नाही, वयाची अट अनेक ठिकाणी नाही, प्रक्रियेत उरलेली रसायने कोणी मोजत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आणि केंद्रीय व्यापार आयोगाने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध खाऊच्या वेष्टनांची नक्कल करणाऱ्या कंपन्यांना एकत्रित इशारापत्रे पाठवली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ही पळवाट बुजवणारी तरतूद मंजूर केली आणि व्यापाराला एक वर्षाची मुदत दिली. एवढी वर्षे ती उघडी राहिली, याचे दुःख वाटते, कारण मधल्या काळात हा माल मुलांच्याही हाती पडला.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर कॅलिफोर्नियात आहे. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित आहे. राज्यात कायदेशीर असलेल्या गमीज घेतल्याने काही अडचण येऊ शकते का?
— एक तरुण वाचक, मूळचा सांगलीचा

उत्तर : येऊ शकते, आणि ती आयुष्याची घडी बिघडवणारी असू शकते. इमिग्रेशन हा केंद्र सरकारचा विषय आहे आणि केंद्रीय कायद्यात गांजा निषिद्ध पदार्थांतच मोडतो. नागरिकत्वाच्या अर्जाबाबत तेथील इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये लेखी स्पष्ट केले की, राज्यात कायदेशीर असलेले गांजाविषयक वर्तनही ‘चांगल्या नैतिक चारित्र्या’च्या अटीच्या आड येऊ शकते. परदेशी नागरिकाच्या बाबतीत खटला चालून शिक्षा व्हायलाच हवी असेही नाही. अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुलीही पुरेशी ठरू शकते. फोनमधले फोटो, समाजमाध्यमांवरच्या पोस्टी, दुकानाच्या सभासदत्वाचे संदेश हे सगळे पुरावे होतात. तुमच्या परिस्थितीत दूर राहणे हेच योग्य. पूर्वी घेतले असेल तर मुलाखतीआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. खोटे मात्र सांगू नका, त्याचा परिणाम त्याहून वाईट होतो.

प्रश्न : आम्ही काही मित्र बँकॉकला जात आहोत. तेथे गांजाची चॉकलेटे मिळतात असे ऐकले. दोन-चार घरी आणली तर विमानतळावर काय होईल? शेवटी ते चॉकलेटच.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कृपया हा विचार सोडून द्या, आणि मित्रांपैकी कोणाच्या मनात असेल तर त्यालाही आवरा. थायलंडने ९ जून २०२२ रोजी गांजाचे झाड अमली पदार्थांच्या यादीतून काढले, पण ०.२ टक्क्यांहून जास्त टीएचसी असलेला अर्क त्या यादीत कायम ठेवला. जून २०२५ मध्ये तर गांजाच्या फुलांची विक्रीही वैद्यकीय चिठ्ठीशिवाय करता येणार नाही, असा आदेश निघाला. म्हणजे तुम्ही ऐकलेली गोष्ट तेथेही आता तशी राहिलेली नाही.

मुंबईत उतरल्यावर लागू होतो तो आपला १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा. गांजा, चरस किंवा त्यांचे कोणतेही मिश्रण या कायद्याच्या कक्षेत येते, आणि टीएचसी हे रसायन स्वतंत्रपणेही त्याच्या यादीत आहे. ‘शेवटी ते चॉकलेटच’ हा तुमचा युक्तिवाद तर तुमच्यावरच उलटू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये हीरासिंग खटल्यात असा निर्णय दिला की, मिश्रणाचे प्रमाण ठरवताना त्यातील निरुपद्रवी घटकाचे वजनही धरायचे, केवळ शुद्ध अमली पदार्थाचे नाही. याचा अर्थ, चॉकलेटमधला अर्क चिमूटभर असला तरी कोको, साखर आणि दुधासह सगळ्या वजनाचा हिशेब होऊ शकतो, आणि शिक्षा वजनावर ठरते: अल्प प्रमाणासाठी एक वर्षापर्यंत, व्यापारी प्रमाणासाठी दहा ते वीस वर्षे. ‘मला माहीत नव्हते’ हेही सहज चालत नाही, कारण कलम ३५ नुसार आरोपीची जाणीव न्यायालय गृहीत धरते आणि तशी ती नव्हती हे आरोपीला सिद्ध करावे लागते. कोणी ओळखीच्याने ‘माझ्या भावाला एवढा खाऊ पोचव’ म्हणून दिलेले बंद पाकीटही म्हणूनच घेऊ नये. कॅनडातून किंवा अमेरिकेतून येणाऱ्यांनाही हेच लागू आहे. कॅनडाच्या सीमेबाहेर गांजा नेणे हा तर तेथेच गुन्हा आहे.

प्रश्न : आपल्याकडे महाशिवरात्रीला भांग चालते, इंटरनेटवर ‘विजया’च्या गमीज मिळतात, पानटपरीवर भांगेच्या गोळ्या मिळतात. मग परदेशी गमीजवर एवढी कडक बंदी कशासाठी?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याखेरीज उत्तर देता येणार नाही.

भांग पानांपासून करतात. १९८५ च्या कायद्याने गांजाची व्याख्या करताना झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे धरले आणि शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया वगळल्या. त्यामुळे नुसत्या पानांची भांग केंद्राच्या कायद्याबाहेर राहिली आणि तिचे नियमन राज्यांकडे गेले. राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवाना असलेली भांगेची दुकाने आहेत. महाराष्ट्रात मात्र दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भांग बनवणे, बाळगणे वा विकणे चालत नाही. परदेशी गमीत असतो तो फुलोऱ्यातून काढलेला अर्क. तो व्याख्येच्या आत येतो.

‘विजया’ हे भांगेचे आयुर्वेदातील नाव आहे. तिच्यापासून केलेली औषधे आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर विकता येतात. पण औषध नियमांच्या ई(१) परिशिष्टात भांग ही विषारी द्रव्यांत गणलेली असून, अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा छापणे सक्तीचे आहे. गमीच्या रूपात, स्ट्रॉबेरीच्या चवीत, संकेतस्थळावर दोन मिनिटांच्या ‘सल्ल्या’नंतर मिळणाऱ्या औषधाला खरी वैद्यकीय देखरेख लाभते का, याबद्दल मला गंभीर शंका आहे.

आणि अन्न म्हणाल, तर भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये फक्त हेम्पच्या बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना अन्नाचा दर्जा दिला. बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि तेलात १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक टीएचसी चालत नाही. चार ग्रॅमच्या एका गमीत १० मिलिग्रॅम टीएचसी असेल, तर ते किलोमागे २,५०० मिलिग्रॅम होते. उत्तराखंडातील घरांत भांगेच्या बियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. तिचा आणि गमीचा संबंध जोडणारी जाहिरात दिसली, तर ती फसवी समजावी.

प्रश्न : जगभर नियम शिथिल होत आहेत. भारतानेही नियमन करून हे पदार्थ खुले करावेत, असे तुम्हाला वाटते का?
— एक प्राध्यापिका, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : गांजा ओढणाऱ्या तरुणाला तुरुंगात टाकणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर सहानुभूतीने विचार व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते. गोड खाद्यपदार्थांबाबत मात्र माझे मत स्पष्टपणे विरोधी आहे. परवानगी द्यायची वेळ आलीच, तर ती क्वेबेकप्रमाणे गोळ्या-चॉकलेटे वगळूनच द्यावी, कारण मुलांवरचा परिणाम तेथे कमी राहिला, हे मोजून सिद्ध झालेले आहे.

नियमनाच्या बाजूने सांगितली जाणारी सगळ्यात बळकट गोष्ट अशी की, बंदीत प्रमाण कोणालाच कळत नाही, परवान्यात ते पाकिटावर छापलेले असते. मला ती मान्य आहे. परंतु छापलेले प्रमाण खरे असण्यासाठी प्रयोगशाळा लागतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजलिस आणि सिअ‍ॅटल येथून विकत घेतलेल्या ७५ पदार्थांची तपासणी झाली, तेव्हा फक्त १७ टक्के पदार्थांवरील टीएचसीचा आकडा बरोबर निघाला. २३ टक्क्यांत छापल्यापेक्षा जास्त होते. त्यानंतर कॅलिफोर्नियाने सक्तीच्या चाचण्या आणल्या. कॅनडात १० मिलिग्रॅमची मर्यादा वाढवा, नाहीतर गिऱ्हाईक बेकायदा बाजारात जाते, असा उद्योगाचा आग्रह आहे. कायद्याचा आढावा घेणाऱ्या तज्ज्ञ समितीने मार्च २०२४ मध्ये ती मर्यादा कायम ठेवण्याचीच शिफारस केली. एकदा व्यापार उभा राहिला की मर्यादा सैल करण्याचा दाब थांबत नाही, हे त्यावरून दिसते.

आपल्याकडे सुट्या मिठाईवर ती कधीपर्यंत खावी, हे लिहिण्याचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून लागू आहे. आपल्या गल्लीतल्या दुकानात तो कितपत पाळला जातो, हे आपण पाहतोच. ज्या यंत्रणेला पेढ्यासमोर तारखेची पाटी लावून घेणे जमत नाही, तिने प्रत्येक गोळीतले मिलिग्रॅम मोजावेत, ही अपेक्षा आज वास्तवाला धरून नाही. त्याआधी करण्यासारखे काम समोर आहे. नागपूरच्या वाचकांनी उल्लेखलेल्या पानटपरीवरच्या भांगेच्या गोळ्या काही रुपयांना, शाळकरी मुलांनाही मिळतात. त्यांतल्या अनेकांवर आयुर्वेदिक परवान्याचा क्रमांक असतो, पण टीएचसी किती, याचा उल्लेख नसतो. अन्न व औषध प्रशासन आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग यांनी त्यांचे नमुने घ्यावेत, प्रमाण तपासून जाहीर करावे आणि अठरा वर्षांखालील मुलांना त्या विकणाऱ्यांवर कारवाई करावी, यासाठी कोणताही नवा कायदा लागत नाही.